राखून ठेवलेला दगड

"काका, तुमचा दगड पडून हाय, न्यायचा का?" असं फोनवरचा माणूस म्हणाला तेव्हा सुग्रीव दाढीसाठी मान मागं टाकून बसला होता आणि त्याच्या अर्ध्या गालावर साबण होता. राँग नंबर असेल असं त्याला वाटलं. कसला दगड, त्यानं विचारलं. तो माणूस म्हणाला, ग्रॅनाइटचा, किचनच्या ओट्याचा. मी बार्शी रोडवरून बजरंग बोलतोय. युवराज सरांच्या नावानं राखून ठेवलाय, चवदा महिने झाले. आता आमी गोडाऊन बदलायलोत, तवा म्हनलं एकदा इच्यारावं. 'युवराज सर' हे शब्द त्यानं इतक्या सहज उच्चारले, की सर आत्ता क्लास सुटल्यावर तिकडूनच येतील असं वाटावं. चौदा महिन्यांत ते नाव सुग्रीवसमोर कुणी असं घेतलं नव्हतं. लोक आधी थांबायचे, आवाज खाली आणायचे, मग 'आपला युवराज' म्हणायचे किंवा नुसतं 'त्यो'. सुग्रीव म्हणाला, "येतो." न्हाव्यानं वस्तरा थांबवून काय झालं म्हणून विचारलं. "काही नाही, आटप," असं म्हणून त्यानं मान पुन्हा मागं टाकली. वस्तरा गळ्यावरून फिरत असताना त्याला एकच गोष्ट कळत नव्हती. घर तर तेव्हा नुसत्या विटांचं होतं. स्लॅबसुद्धा पडला नव्हता. मग पोरानं ओट्याचा दगड कशाला बघून ठेवला असेल?

सुग्रीवनं एकतीस वर्षं एसटीत काढली. त्यातली शेवटची नऊ बीडच्या स्टँडवर, वाहतूक नियंत्रकाच्या खिडकीत. दिवसभर माणसं खिडकीच्या गजांतून तोंड आत घालून विचारायची, परळी कधी, आष्टी कुठं लागती, धारूरची गेली का. तो नोंदवहीवरची नजर न उचलता सांगायचा. सांगितलेलं कधी चुकायचं नाही. गाडी रद्द असेल तर 'रद्द' म्हणायचा. कावून रद्द, असं माणसं पुन्हा विचारायची. त्याला तो उत्तर देत नसे, कारण ते त्यालाही माहीत नसायचं आणि माहीत असण्याची गरजही नसायची. निवृत्त झाल्यावर शहराच्या टोकाला घेतलेल्या प्लॉटवर त्यानं घर काढलं. विटा चढल्या, आणि फेब्रुवारीच्या अठ्ठावीस तारखेला संध्याकाळी मांजरसुंब्याच्या घाटात युवराजची मोटारसायकल उभ्या ट्रकला मागून धडकली. त्यानंतर वर्षभर त्या विटांकडं कुणी फिरकलं नाही. पेठेतल्या भाड्याच्या दोन खोल्यांत सुग्रीव आणि मंगल राहत होते तसेच राहत राहिले. यंदा संक्रांतीनंतर मंगलच्या भावानं पुढाकार घेतला, उघडं घर असं टाकू नये म्हणाला, आणि काम पुन्हा सुरू झालं. स्लॅब पडला, प्लास्टर झालं, फरशी झाली. ओट्याचं मिस्त्रीनं विचारलं, तेव्हा सुग्रीव म्हणाला होता, "कसाबी कर."

रिक्षातून उतरल्यावर आधी त्याला पाणी दिसलं. दगड कापायच्या मशीनवरून पडणारं दुधासारखं पांढरं पाणी दुकानापुढून वाहत रस्त्याच्या कडेच्या नालीत जात होतं, आणि एप्रिलच्या उन्हात ते वाहता वाहताच वाळून त्याची राख होत होती. पत्र्याच्या शेडमध्ये लोखंडी घोड्यांना टेकवून दगडांचे पाटे उभे केले होते, एकामागं एक, तांबडे, काळे, मोतिया, आणि तोंडाला रुमाल बांधलेली दोन माणसं त्यांच्यामधून वाट काढत होती. बजरंग चाळिशीचा, अंगानं भरलेला माणूस होता. त्यानं सुग्रीवला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मग म्हणाला, "चला, दाखवतो." शेडच्या अगदी मागच्या कोपऱ्यात, दोन काळ्या पाट्यांच्या आड तो दगड होता. माणसांनी काळे पाटे बाजूला सरकवले. दगड पांढरट राखी होता आणि त्यात आडव्या काळसर लाटा होत्या. ओढ्याचं पाणी ओसरल्यावर रेतीवर जशा रेघा राहतात, तशा. एका कडेला एक लाट जाड होऊन वर वळली होती. तिच्याखाली लाल खडूनं लिहिलं होतं: युवराज सर. हात लावू नये.

सुग्रीवनं हात लावला. बाहेर एवढं ऊन असून दगड गार होता. क्षणभर त्याला बरं वाटलं, कितीतरी दिवसांनी. पोरानं घराचा इतका पुढचा विचार केला होता. त्याला आठवलं की त्याची आई, दगडाबाई, दर वर्षी उसाच्या फडावर तोडीला गेल्यावर पाचटाची कोपी उभी करायच्याही आधी चुलीला तीन दगड शोधायची. तोही तिच्या मागं ओढ्यात उतरायचा. ती दगड उचलायची, दुसऱ्या दगडावर आपटून आवाज ऐकायची, आणि म्हणायची, ह्यो फुटंल, ह्येच्या पोटात पानी हाय. मग दुसरा उचलायची. एका वर्षी तिचा अंदाज चुकला होता आणि भाकरी थापताना दगड फुटून कपची तिच्या कपाळाला लागली होती. पदर दाबून धरून तिनं राहिलेल्या भाकरी केल्या होत्या. युवराजनं आजीला पाहिलं नव्हतं. दगड पारखायचं त्याच्यात कुठून आलं असेल, असं मनात येऊन सुग्रीवनं विचारलं, "त्यानं हा कधी बघितला?"

"सतरा फेब्रुवारी," बजरंग म्हणाला. चिठ्ठी त्याच्या हातातच होती. "सर अन् मॅडम आलते."

"कोण मॅडम?"

"करिष्मा मॅडम की. सरांच्या क्लासमदल्या. बायलॉजी शिकवत्यात." मग सुग्रीवचा चेहरा बघून तो थोडा अडखळला, पण त्याला ती आठवण आवडत असावी, कारण तो सांगू लागला. मॅडम लई चिकित्सक. गिऱ्हाईक येतं, रंग बघतं, जातं. ह्यांनी चार दगडांचे तुकडे मागून घेतले आणि पिशवीतून डबा काढला. डब्यात कालवलेली हळद, लिंबू, तेल, चहाचं पाणी. प्रत्येक तुकड्यावर चार चार ठिपके दिले आणि म्हणाल्या, उद्या येते, पुसू नका. "दुसऱ्या दिशी बगितलं तर संगमरवर लिंबानं खाल्ल्याला. एका तुकड्यानं तेल पिल्यालं. ह्येच्यावर हळदीचा थोडा पिवळा डाग होता, त्यो बी घासल्यावर गेला. तवा म्हनल्या, ह्योच. आन काळा दाखवला तर म्हनल्या, काळ्यावर काय सांडलंय ते दिसतच न्हाई, मला दिसाया पायजे."

सुग्रीव ऐकत होता, पण त्याच्या डोक्यात सतरा फेब्रुवारी ही तारीख अडकून बसली होती. त्या आधीच्या महिन्यात, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, जेवताना युवराज म्हणाला होता, बाबा, एक मुलगी आहे. सुग्रीवनं मुलीचं नाव विचारलं नव्हतं. वडील काय करतात एवढं विचारलं होतं. मेंढरं आहेत त्यांची, गेवराईकडं, दोन भाऊ अजून मेंढरामागंच असतात, ती एकटी शिकली, असं युवराजनं सांगितलं. सुग्रीव म्हणाला होता, "न्हाई." ओरडला नव्हता. तो कधीच ओरडत नसे. खिडकीतून सांगायचा तसंच सांगितलं होतं, ताटावरची नजर न उचलता. कावून, असं युवराजनं विचारलं असतं तर सुग्रीवजवळ उत्तर नसतं. मेंढरामागच्या लोकांचा कळप फडाशेजारी उतरला की लहानपणी तो त्यांच्या मेंढरांच्या वाड्यावर दूध प्यायला जायचा, हे त्याला चांगलं आठवत होतं. पण फडावरून निघून, शिकून, चिकटून, तो इथवर आला होता, आणि इथं आल्यावर मागं कोण राहिलं हे माणसाला नीट मोजून ठेवावं लागतं असं त्याला वाटायचं. युवराज म्हणाला होता, "बरं." आणि पुढची भाकरी मोडली होती. एवढ्यावर ते संपलं होतं. सुग्रीवला पोराचा अभिमान वाटला होता. स्टँडसमोरच्या हॉटेलात निवृत्त सोबत्यांना त्यानं सांगितलंही होतं, आजकालची पोरं ऐकत न्हाईत म्हणतात, आमच्याला एकदा न्हाई म्हनलं, इषय संपला. त्यानंतरच्या दिवसांत युवराज खुशीत असायचा. आंघोळ करताना गुणगुणायचा. मंगलला उगीच चिडवायचा. सुग्रीवला वाटलं होतं, पोरगं विसरलं. पोरगं गेल्यावर सुद्धा ह्या एका गोष्टीनं त्यानं स्वतःला सावरून धरलं होतं, की शेवटचे दिवस पोरगं सुखात होतं, आपल्या मनासारखं वागून सुखात होतं. आता तो हिशेब उलटा करून बघत होता. पोरगं सुखात होतं ते खरंच. पण आपल्याला 'बरं' म्हणून, आपल्याला मोडीत काढून सुखात होतं.

"मग दुसऱ्या दिशी मावशीला बी आनलं," बजरंग म्हणाला.

"कोणती मावशी?"

"आपल्या घरच्या की वो काका. युवराज सरांच्या आई."

मशीन चालू होतं म्हणून आपल्याला नीट ऐकू आलं नाही असं सुग्रीवला वाटलं. बजरंगनं त्याला दुकानाच्या दर्शनी भागात नेलं. तिथं गिऱ्हाइकाला दाखवायला एक ओटा बांधलेला होता, नुसताच, ना पाणी ना गॅस. "हितं उभ्या होत्या दोघी. मॅडम उंच हायत, त्यांना चौतीस इंची पायजे. मावशीला तीस. मॅडम म्हनत्यात, आईंच्या मापानं करा, मी वाकीन. मावशी म्हनत्यात, तू वाकू नको, तुझं पुढं लई वय हाय, मी पाट घिऊन हुबी राहीन. दोघी बी ऐकनात. सर त्या खुर्चीवर बसून हसायलेत. म्हनले, माझं माप कावून कुनी धरंना, चहा तर मलाच करायचाय." बजरंग स्वतःच हसला आणि मग गंभीर झाला. "शेवटी बत्तीस लिवलं. दोघींचं मिळून. हे बगा." चिठ्ठीवर युवराजचं अक्षर होतं. चारचा आकडा तो उघड्या तोंडाचा काढायचा. खिडकीपासून मापं, शेगडीची जागा, न्हाणीघरातल्या बेसिनला ह्याच दगडाची पट्टी, आणि खाली अधोरेखित: उंची ३२. मापांखाली तारीख अठराची होती. त्यानंतर दहाच दिवस पोरगं होतं.

अठरा तारखेला मंगल कुठं जाते म्हणून सांगून गेली होती, हे तो आठवू लागला. आठवेना. कदाचित त्यानं विचारलंच नसेल. पण आठवायला लागल्यावर दुसरंच काहीतरी वर येऊ लागलं. दहन झाल्यावर मंगल पाच दिवस भिंतीकडं तोंड करून पडली होती आणि नंतर उठली ती न बोलताच उठली. तो तिच्याजवळ बसायचा. तोही बोलत नसे. चौदा महिने त्या दोन खोल्यांत भांड्यांचा, नळाचा, पंख्याचा आवाज होता, आणि सुग्रीव त्या शांततेला दोघांची शांतता समजत आला होता. आता बोलण्यासारखं काही उरलंच नाही आणि ते दोघांनाही सारखंच ठाऊक आहे, म्हणून आपण गप्प आहोत, अशी त्याची समजूत होती. सगळं गेलं, पण निदान हे एक आहे, असं रात्री तिचा श्वास ऐकताना त्याला वाटायचं. आणि ह्या सबंध काळात तिच्याजवळ बोलण्यासारखं होतं. तिच्या मनात एक ओटा होता, त्याच्याशी एक उंच पोरगी उभी होती, पोरगा खुर्चीवर बसून हसत होता, आणि त्या खोलीत सुग्रीव नव्हता. त्याला न सांगता तिघांनी घर बांधून पुरं केलं होतं.

"मागल्या महिन्यात बी मावशी येऊन गेल्या," बजरंग म्हणत होता. "लई येळ थांबत न्हाईत. दगडावरून हात फिरवत्यात अन् जात्यात. कदी कदी मॅडम बी असत्यात संगं. म्हनून तर मी कुनाला दिला न्हाई. ह्या डॉक्टर मॅडमला कवापासून पायजे." त्यानं मान वळवून खुर्चीवर बसलेल्या एका बाईकडं पाहिलं. पन्नाशीची, चष्मा लावलेली बाई मापांचा कागद मांडीवर घेऊन बसली होती. तिच्या दवाखान्यावरच्या घरात दोन न्हाणीघरं होती आणि त्यांतल्या बेसिनना तिला फिक्या रंगाचा, लाटांचा दगड हवा होता. ती सुग्रीवकडं बघून अवघडून म्हणाली, "नाही नाही, तुमचा असेल तर राहू द्या. मी दुसरा बघते."

"घ्या तुम्ही," सुग्रीव म्हणाला.

बजरंग म्हणाला, "काका, घरी इच्यारा एकदा. घाई न्हाई. हा निसर्गाचा माल हाय, एका खानीतनं एकदाच येतोय. असा परत मागितला तर मिळायचा न्हाई."

"घर कुनाचं हाय?"

"तुमचंच हाय."

"मग देऊन टाका. मला काळा दाखवा. तीस इंच." हे बोलताना त्याचा आवाज शांत होता, आणि तो शांत आहे हे त्याला जाणवत होतं. बजरंगनं चिठ्ठी घडी करून खिशात घातली. मान हलवून त्यानं माणसांना खूण केली.

काळे दगड सगळे सारखे होते. बजरंगनं चार दाखवले आणि सुग्रीवनं पहिलाच घेतला. चहा आला. तो चहा पीत असताना एका माणसानं थिनरमध्ये बोळा बुडवून लाल खडूची अक्षरं पुसली. आधी 'हात लावू नये' गेलं. 'सर' गेलं. 'युवराज' थोडं ठसलं होतं, ते त्यानं दोनदा घासलं. दोघांनी मिळून पाटा चाकाच्या गाड्यावर चढवला आणि मशीनखाली आडवा निजवला. डॉक्टरीणबाई उठून कुठून कापायचा ते बोटानं दाखवत होती. अजूनही सुग्रीवला थांबवता आलं असतं. त्याला ते कळत होतं. एक हात वर केला असता तर पुरलं असतं. सुटलेली गाडी त्यानं खिडकीतून नुसत्या हाताच्या इशाऱ्यानं कितीतरी वेळा थांबवली होती. त्यानं कप बशीत ठेवला. पातं फिरलं, पाणी उडालं आणि दगड मधोमध, लाटांच्या आडवा, कापला जाऊ लागला. तो आवाज पहिल्यांदा दातांत शिरतो आणि मग कानात. सुग्रीव पुरा कापून होईपर्यंत थांबला. बेसिनसाठी गोल भोकं पाडायला त्यांनी एक तुकडा बाहेर काढला तेव्हा तो उठला. काळा दगड शनिवारी घरी टाकतो, असं बजरंगनं सांगितलं, त्याच्याकडं न बघता.

तो थेट घरी गेला नाही. पाय स्टँडकडं वळले. दुपारची वेळ होती आणि शेडखालच्या बाकांवर माणसं पेंगत होती. फडावरून परत आलेली काही बिऱ्हाडं गाठोडी, पत्र्याच्या पेट्या घेऊन गावच्या गाडीची वाट बघत होती. माइकवर नवा नियंत्रक बोलत होता, भराभर, अर्धे शब्द खाऊन. सुग्रीव बाकावर बसून मनाशी मांडत राहिला. आपण चुकीचं काय केलं. घरात काय बसवायचं ते घरच्या माणसानं ठरवावं. त्या पोरीचा आता काय संबंध. तिचं उद्या कुठं लग्न होईल, आणि आपण मरेपर्यंत तिच्या मापाच्या ओट्यावर स्वयंपाक करत बसायचं का. मंगलला त्रास झाला असता, खांदे दुखले असते. हे सगळं त्याला पटत होतं. एकेक मुद्दा पटत होता आणि पटला की विरून जात होता, मागं काही राहत नव्हतं. मग त्यानं मंगलला काय विचारायचं ते जुळवलं. चौदा महिने तू माझ्याजवळ जेवलीस, निजलीस, आणि मला परका धरलंस. कावून? हा प्रश्न तो घरात शिरल्या शिरल्या विचारणार होता. त्याला विचारायचं होतं, आणि तिनं रडावं असंही त्याला वाटत होतं. एक म्हातारी जवळ येऊन म्हणाली, आष्टीची कधी हाय बाबा. "साडेपाच. तीन नंबरला," तो म्हणाला, आणि मग पहिल्यांदाच त्यानं वर बघितलं. पण ती फलाटाकडं वळली होती.

तो घरी पोचला तेव्हा दिवेलागण झाली होती. मंगल दारातच उभी होती. तिनं डोक्यावरून पाणी घेतलं होतं, केस ओले होते आणि अंगावर धुतलेलं, घडीचं लुगडं होतं. इतके दिवस ती एकच जुनं आलटून पालटून नेसत होती. तो चपला काढायच्या आधीच ती म्हणाली, "बगितला का?"

सुग्रीव तिथंच थांबला. "तुला कुनी सांगितलं?"

"मीच नंबर दिला बजरंगला. परवा फोन आलता त्याचा, गोडाऊन बदलायलेत म्हनून. म्हनलं, आता तेंलाच फोन करा. तेंला बोलवून घ्या अन् सगळं सांगा, काय बी झाकून ठिवू नका." ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "मला सांगाया व्हईना वो. किती डाव तोंडाशी आलं. तुमी जवळ बसायचे, मी म्हनायची आता सांगते, अन् तोंडच उघडायचं न्हाई. चवदा महिने झाले. मग म्हनलं, तेनी डोळ्यानं बगावं. बगितल्यावर मी बोलीन. सांगितलं ना त्यानं?"

"सांगितलं."

"राग आला का?"

तो मोरीपाशी गेला. हातपाय धुतले. पाणी पायावर ओतत राहिला. त्यानं जुळवलेला प्रश्न त्याच्या तोंडात होता आणि त्याचं उत्तर तिनं देऊन टाकलं होतं. "न्हाई," तो म्हणाला.

"दगड कसा वाटला?"

त्याला वाटलं, आत्ताच. आत्ता बोललं तर बोललं. त्यानं टॉवेलात तोंड घातलं आणि टॉवेलातूनच म्हणाला, "चांगला हाय."

मंगल खाली बसली. भिंतीला टेकून. मग ती बोलू लागली. ताट वाढताना बोलत होती, भाकरी मोडून त्याच्या दुधात टाकताना बोलत होती. युवराज पहिल्यांदा मला त्या पोरीला भेटवायला घेऊन गेला ते नारायणगडावर, जत्रेच्या आधी, गर्दी नव्हती तवा. पोरगी पाया पडली अन् पाया पडतानाच म्हनली, आई, मला सैपाक येत न्हाई, खोटं कशाला सांगू. तुमच्या पोरालाच येतो. दगड घ्यायला गेलो तवा कळलं, आदल्या दिशी तिनं डब्यात हळद कालवून आनली हुती, मी म्हनलं ही काय हळदीला आलीय का. ती तोंडाला हात लावून हसली, आणि मंगल हसताना तोंडाला हात लावते हे सुग्रीव विसरून गेला होता. घाटात पोरगं गेलं त्या दिशी तिलाच गावाकडं सोडून परत यायलं होतं. ती मला म्हनती, आई, मी बसनं गेले असते तर. मी म्हनते, तसं म्हनू नगस. दोघी मिळून रडतो अन् मग तिथनं उठून बजरंगकडं जातो. तुमच्या म्होरं रडायचं भ्या वाटायचं, तुमी किती धरून राह्यलेत ते मला दिसायचं. ती जाड लाट हाय का न्हाई, ती खिडकीकडच्या अंगाला ठिवाया सांगा मिस्त्रीला. त्याचं तसं म्हननं होतं. तुमी सांगाल का, का मी येऊ?

"सांगतो," सुग्रीव म्हणाला.

"वास्तूला तिला बोलवू का? तुमची परवानगी असंल तर. एकदा हुबी राहू दे ओट्याशी. मग जाईल तिच्या वाटंनं, मी अडवायची न्हाई."

त्यानं मान हलवली. तिनं लगेच फोन घेतला, नंबर तिला पाठ होता. पलीकडून उचलल्यावर ती म्हणाली, तेनी बगितला गं. व्हय, आजच. चांगला हाय म्हनले. न्हाई, रागावले न्हाईत. घे, बोल. आणि सुग्रीवला नाही म्हणायला सवड न देता तिनं फोन त्याच्या कानाला लावला, खरकट्या हातामुळं त्याला धरता येत नव्हता म्हणून तिनंच धरला. पलीकडं रस्त्यावरची रहदारी ऐकू येत होती. मग एक आवाज म्हणाला, "काका." तो आवाज त्यानं पूर्वी कधी ऐकला नव्हता. जाड, थोडा बसलेला, दिवसभर शिकवून येतो तसा. "काका, तुम्ही जाऊन आलात. मला खूप... मी काय बोलू तेच कळत नाही. थँक्यू काका."

सुग्रीवचा घास तोंडात तसाच होता. तो गिळून तो म्हणाला, "जेवली का तू?"

"नाही अजून. आत्ताच बॅच सुटली."

"जेवून घे," तो म्हणाला.

मंगलनं फोन स्वतःच्या कानाला लावला, आणखी काहीतरी बोलली आणि बाजूला ठेवला. मग ती त्याच्याकडं बघत राहिली. लग्न होऊन ती पहिल्यांदा ह्या पेठेत आली तेव्हा, तो नवी नोकरी करून संध्याकाळी परत यायचा तेव्हा, ती अशी बघायची. सुग्रीवनं मान खाली घातली आणि तो जेवू लागला. तिनं विचारलं, अजून अर्धी वाढू का, आणि तो म्हणाला, वाढ.